पडवीतला रूळ

आमच्या खालापूरकडच्या शाळेत सूर द्यायला पेटी नव्हती. रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा पडवीत घंटा म्हणून टांगलेला होता. गाण्याच्या तासाआधी हेडमास्तर त्याला बोटाच्या पेराने हलकेच ठोकत, कान लावत, आणि तो सूर गुणगुणत, भरली कळशी न्यावी तशी जपून पावलं टाकत वर्गात येत. "सांडू नका रं," एवढंच मुलांना म्हणत.

त्या रुळाखालीच अस्पृश्य म्हणून बाहेर बसवलेली चार मुलं बसत.

तपासणीच्या दिवशी दिपोटीसाहेबांशेजारी पाटील बसले होते. साहेबांनी कविता चालीवर म्हणायला सांगितली. हेडमास्तरांनी दाराबाहेरच्या रुळाकडे पाहिलं. मी त्यांच्या हाताखालचा मास्तर.

"आमचा सूर बाहेर टांगलाय, साहेब," हेडमास्तर म्हणाले, आणि त्यांनी सगळा वर्ग पडवीत आणून त्या चौघांना खेटून बसवला.

पाटील ताडकन उठले. "मास्तर, पोरं आत घ्या. गावात ऱ्हायचं हाय ना तुमाला?"

हेडमास्तरांनी रूळ ठोकला. "धरा रं."

मुलं गाऊ लागली. हेडमास्तरांनी मान वळवून मला डोळ्यांनीच बाहेर बोलावलं. उंबरठा चार बोटं उंच होता. मी आतच उभा राहिलो.