डावीकडचा समुद्र

गाडी मी चालवणार आहे हे कळल्यावर आमच्या मुलाने हैदराबादहून फोन केला. निनादला मराठी सगळं समजतं, पण उत्तर मात्र तो हिंदीतच देतो. "मम्मा, फ्लाइट से जाओ ना यार. गोवा में कैब ले लेना, पापा को भी आराम."

"गोव्याला नाही जायचंय आपल्याला," मी म्हटलं. "रेवदंड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचंय. पक्कं."

ही सहल आमच्या नोकऱ्या चालू असल्यापासून ठरत होती. माझे यजमान श्रीकांत सेक्टर ३९ मधल्या सरकारी संशोधन संस्थेत होते, मी सेक्टर ३४ मधल्या एका कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायचे. ते साताऱ्याचे, मी वर्ध्याची, आणि सगळी उमेदीची वर्षं चंदीगडमध्ये गेली. समुद्र माझ्या वाट्याला आला तो एक-दोन घाईच्या भेटींपुरता. निवृत्त झाल्यावर श्रीकांत गाडी चालवणार आणि मी खिडकीतून बघत बसणार, असा बेत होता. पण निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. हातपाय वाचले, बोलणं वाचलं. दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसणं मात्र गेलं. डॉक्टरांनी गाडी कायमची बंद केली.

तेव्हा मी शिकायला घेतली. रविवारी इंडस्ट्रियल एरियातले कारखाने बंद असतात, रस्ते रिकामे आणि रुंद. तिथे एका सरदारजींनी मला क्लच आणि ब्रेक शिकवले. "मॅडमजी, गड्डी तुहाडी ए, सड़क तुहाडी नहीं," (गाडी तुमची आहे, रस्ता तुमचा नाही) हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी जोरात हॉर्न वाजवला की ते ऐकू यायचं.

आम्ही निघालो ते थंडीत. अंबाल्यापर्यंत धुकं होतं, पुढे ऊन. जयपूर, उदयपूर, वडोदरा असे मुक्काम करत, रोज अंधार पडायच्या आत थांबत खाली उतरलो. श्रीकांत डावीकडच्या सीटवर बसून पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. "ट्रक." "दिसतोय." "गिअर बदल." "बदलते आहे." राजस्थानभर आमचं एवढंच संभाषण झालं.

रेवदंड्याच्या पुढे एका वळणावर माडांच्या मधून समुद्र दिसला आणि मी गाडी कडेला घेतली. दुपारची वेळ, पाणी चकाकत होतं. मी स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती बघत राहिले. श्रीकांत उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "पोचवलंस की." मग लगेच, "पण उदयपूरच्या घाटात क्लच फार जाळलास."

पुढचे दिवस सुंदर होते. मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर. खाड्या ओलांडायला फेरीबोटी आहेत, त्यांत गाडी उलटी चढवावी लागते. पहिल्या खेपेला गाडी दोनदा बंद पडली. दुसऱ्या खेपेला जमलं. बाणकोटची खाडी ओलांडून आम्ही केळशीच्या वाटेला लागलो आणि रस्ता एकदम अरुंद झाला. दोन्ही बाजूंना गडगे (दगड रचून केलेली कुंपणं), वर सुपारीच्या बागा. समोरून एसटी आली.

बस मागे जाणार नव्हती. मी रिव्हर्स टाकला.

"ये, ये," श्रीकांत म्हणाले. "डावीकडे भरपूर जागा आहे."

"बघून सांगताय ना?"

"अगं, दिसतंय मला. ये!"

मी त्यांच्या शब्दावर गाडी डावीकडे घेतली. कर्रर्र असा आवाज झाला आणि आरसा मोडून दाराला लोंबायला लागला. एसटीचा ड्रायव्हर मान बाहेर काढून म्हणाला, "काका, भिंतीला चिकटलीय गाडी, दिसत नाही का?" श्रीकांतनी मान पूर्ण वळवून पाहिलं. गडगा त्यांच्या खिडकीपासून हाताच्या अंतरावर होता.  दापोलीजवळच्या कर्द्याला पोचेपर्यंत त्यांनी तो नसलेला ब्रेकसुद्धा दाबला नाही.

कर्द्याला आम्ही मंदाताईंकडे उतरलो. स्वतः राहतात त्या घराच्याच दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. त्यांनी लोंबता आरसा पाहिला, कारण विचारलं नाही, चिकटपट्टी आणून दिली. रात्री कुळथाचं पिठलं आणि भात होता. श्रीकांत दोन घास खाऊन उठले.

सकाळी जाग आली तर शेजारची जागा रिकामी. ओटीवर आले. मंदाताई चुलीपाशी घावन (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) घालत होत्या.

"साहेब गाडी घेऊन गेले," त्या म्हणाल्या. "म्हटलं, चहा तरी घ्या. तर म्हणाले, येतो एक चक्कर मारून."

मी चपलाही घातल्या नाहीत. रस्त्यावर कुठे पडला असेल हा माणूस, कुणाला उडवलं असेल, हेच डोक्यात. फाटकापाशी टायरांचे ठसे होते. ते रस्त्याकडे गेलेच नव्हते. माडांमधून थेट पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर) उतरले होते.

मी पळत सुटले. किनारा लांबलचक, जवळपास कुणी नाही. ठसे दक्षिणेकडे गेले होते, अगदी सरळ. मला रागातसुद्धा कळलं की ते चांगले चालवत होते. पुढे त्यांनी गाडी फिरवली होती, आणि परत येतानाचे ठसे हळूहळू तिरके होत पाण्याकडे गेले होते. ठशांच्या शेवटी आमची गाडी होती. पुढचं डावं चाक अर्ध्याहून जास्त ओल्या वाळूत रुतलेलं. श्रीकांत गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वाळू उपसत होते, आणि ते उपसतील तेवढी लाट परत भरत होती.

"लागलं का कुठे?"

"नाही." त्यांनी वर पाहिलं नाही. "भरती येतेय, वसुधा."

थोड्या अंतरावर काही कोळी होडी वर ओढत होते. मी हात हलवून ओरडले. ते आले. त्यांच्यातले वयस्कर होते त्यांनी चाकाकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं.

"आता काढली तर निघंल. मागनं बघू म्हणाल तर नाय निघायची."

त्यांच्यातले दोघे माडांकडे धावले आणि वाळक्या झावळ्या घेऊन आले. त्या चाकांखाली सरकवल्या. श्रीकांत दाराकडे निघाले. "मी बसतो. मला पहिल्यापासून माहितीये ही गाडी."

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही धक्का मारा."

क्षणभर वाटलं, ते ऐकणार नाहीत. मग ते मागे जाऊन त्या माणसांच्या रांगेत उभे राहिले.

पहिल्यांदा मी घाबरून जोरात रेस दिली. चाक जागच्या जागी फिरलं, झावळ्यांचा चुरा झाला आणि गाडी आणखी खाली बसली. लाट आली, दाराच्या फटीतून पाणी आत शिरून माझ्या अनवाणी पायांवरून गेलं. मला रडू येत होतं. मी रडले नाही. खाली उतरून म्हटलं, "पुन्हा. सगळ्या चाकांखाली घाला. आणि होडीचा दोर पुढे बांधू या, दोन्ही बाजूंनी जोर लागेल."

दोर बांधला. होडीवरचे बाकीचेही आले, मंदाताई पदर खोचून आल्या. पहिला गिअर, पाय अगदी हलका. बाहेरून "हैऽऽया" ऐकू आलं. गाडी हलली, थांबल्यासारखी झाली, पुन्हा हलली. थांबायचं नाही, थांबायचं नाही, असं मी मोठ्याने म्हणत होते. टणक वाळू लागली तरी मी थांबले नाही. माडांच्या सावलीत पोचल्यावर इंजिन बंद केलं.

वळून पाहिलं तर श्रीकांत पाण्यात तोंडावर पडलेले होते आणि दोन कोळी त्यांना उठवत होते. ते हसत होते का रडत होते, लांबून कळेना.

मंदाताईंच्या विहिरीवरच्या पाइपने आम्ही गाडी खालून धुतली. खारं पाणी राहिलं की लोखंड खातं. दोघंही ओलेचिंब, गाडीच्या दोन बाजूंना. 

"जाताना समुद्र उजवीकडे होता," श्रीकांत म्हणाले. "छान दिसत होता. परत फिरलो तेव्हा तो डावीकडे आला."

"मग?"

"मग तो नव्हताच. मला वाटायचं, गेलेल्या भागात काळं दिसेल. तसं होत नाही गं. सगळं ठीकच दिसतं. नुसती वाळू दिसत होती. कालही जागाच दिसत होती, भिंत नव्हती." ते पाइप हातात धरून उभे राहिले. पाणी त्यांच्याच पायांवर पडत होतं. "डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं. मला कळलंही होतं. पण खरं नव्हतं वाटलं."

मला खूप काही बोलायचं होतं. मी किती धावले ते, काय काय डोळ्यांसमोर आलं ते. मी म्हटलं, "मला न सांगता पुन्हा गेलात तर मी तुम्हाला तिथेच सोडून वेंगुर्ल्याला जाईन."

"जाशील तू," ते म्हणाले.

मंदाताईंनी ताटं वाढली. त्या दिवशी श्रीकांतनी किती घावन खाल्ले ते मी मोजलं नाही, मंदाताईंनी मात्र पीठ पुन्हा भिजवलं. निनादचा फोन आला तेव्हा आम्ही अजून ओटीवरच बसलो होतो. "सब ठीक?" "सगळं ठीक," मी म्हटलं. श्रीकांतनी फोन माझ्या हातून घेतला आणि सगळं सांगितलं.  मग निनाद चक्क मराठीत म्हणाला, "बाबा, परत या." श्रीकांत म्हणाले, "येऊ. वेंगुर्ला करून येऊ."

दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोटीत गाडी उलटी घ्यायची होती. श्रीकांत आधी उतरले. बोटीवरच्या माणसाला म्हणाले, "भाऊ, मला डाव्या बाजूचं दिसत नाही. त्या बाजूला तुम्ही उभे राहा, उजवीकडे मी आहे." झटका आल्यापासून हे वाक्य त्यांनी अनोळखी माणसासमोर कधी उच्चारलं नव्हतं. तो माणूस सहज "बरं" म्हणाला आणि डावीकडे जाऊन उभा राहिला. बस्स, एवढंच.

पुढे गुहागर झालं, गणपतीपुळे झालं. मालवणात मासळी बाजारात मी तास घालवला आणि एकही मासा ओळखता आला नाही. वेंगुर्ल्याला बंदरावरच्या टेकडीवर उभं राहून आम्ही दक्षिणेकडे पाहिलं. किनारा तसाच पुढे जात होता. आमचा मात्र इथे संपला. परतीला आतला महामार्ग घेतला, आणि बोलायला विषय पुरले.

चंदीगडला आलो तेव्हा थंडी ओसरली होती. घरी येऊन आठवडा झाला असेल. सेक्टरच्या बाजारात भाजी घ्यायला गेलो होतो. पूर्वी मी त्यांचा कोपर धरला की ते झटकून टाकायचे, आणि मग डावीकडच्या फळांच्या गाडीला, सायकलीला, कुणाच्या तरी पिशवीला धडकायचे. त्या संध्याकाळी ते फुटपाथवर थांबले.

"तू या बाजूला ये," डावा हात पुढे करून म्हणाले.

मी तिकडे गेले. आता चालताना माझी जागा तीच. तिथे मी त्यांना दिसत नाही. मी काय नेसले आहे, कुठे बघते आहे, त्यांना कळत नाही. मधूनच ते, मान न वळवता, विचारतात, "आहेस ना?"

"आहे. पुढे पायरी आहे."

आणि ते पाय उचलतात.