चोरलेलं चालणं

फान सरांचं नाव काढलं की आजही माझं डोकं सटकतं. पण ही गोष्ट त्यांची नाही, माझ्या खोलीतल्या पेई-रोंगची आहे, आणि ती सांगायची तर तिच्या चेंडूपासून सुरुवात करायला हवी.

तैवानमधल्या ताइनानच्या आमच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला अॅनिमेशन शिकवायला फान सर. कॉम्प्युटरवर बाहुल्याला जिवंत करायचं, असा तो विषय. बाहुला सगळ्यांना एकच: करडा, बिनचेहऱ्याचा, बिनकपड्यांचा. नाक नाही, डोळे नाहीत. जे काय सांगायचं ते त्याच्या अंगाने सांगा. आणि बाहुल्याला हात लावायच्या आधी नुसता चेंडू उडवून दाखवायचा. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा.

पेई-रोंगचा पहिला चेंडू पडद्यावर आला तेव्हा सर खुर्चीत मागे रेलले. लियाव हे तिचं आडनाव, सर तिला आडनावानेच हाक मारायचे.

"लियाव, हा चेंडू आहे का साबणाचा फुगा? पडतोय, का पडू की नको असा विचार करतोय?"

वर्ग फिदीफिदी हसला. पेई-रोंगचे कान लाल झाले. संध्याकाळी बघते तर ही बया खोलीत पिशवीभर माशांचे गोळे घेऊन बसलेली. तिच्या बाबांनी दिलेले, रश्श्यात घालायचे. एकेक उचलायची, जमिनीवर टाकायची आणि खाली वाकून बघत बसायची.

"अगं ए, खायचं आहे ते!" मी ओरडले.

"गप गं यी-जेन. बघ, हा कच्चा आहे, हा शिजवलेला. दोघांचं उडणं वेगळं आहे."

आठवडाभर आमच्या खोलीला मासळीचा वास. पण पुढच्या तासाला तिचा चेंडू पडला तो असा पडला, की पुढच्या बाकावरच्या पोराने पाय मागे घेतला. मग पिठाच्या गोणीला उडी मारायला लावायची होती, तीही जमली. मग बाहुल्याने जड खोकं उचलायचं होतं. त्यात मात्र ती दोनदा आपटली. सर म्हणाले, "खोकं उचलतोय का उशी?" तिसऱ्यांदा काहीच म्हणाले नाहीत. फान सरांच्या तोंडून शिवी आली नाही म्हणजे शाबासकी समजायची, असा आमच्याकडे रिवाज होता.

मग आलं चालणं. ते देताना सर जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण पुढे त्याच शब्दांनी त्यांचा घात केला.

"माणूस लांबून दुसऱ्याचं चालणं ओळखतो. स्वतःचं कधीच ओळखत नाही. म्हणून आधी स्वतःला कॅमेऱ्यात पकडा आणि बघा."

आम्ही सगळ्यांनी एकमेकांना कॉरिडॉरमध्ये चालवून चित्रण केलं. मी बदकासारखी फेंगडी चालते हे मला विसाव्या वर्षी कळलं. कर्म माझं! सरांनी मात्र स्वतःला कधी कॅमेऱ्यासमोर उभं केलं नाही. ते काय, शिकलेले.

पेई-रोंगने स्वतःला बाजूला ठेवलं आणि बाबांना घेतलं. तिचे बाबा मासळी बाजारात हमाली करतात, बर्फातल्या माशांची खोकी डाव्या खांद्यावरून वाहतात. तिने खोकं वाहणारा माणूस केला नाही. खोकं उतरवून ठेवल्यावर घरी निघालेला माणूस केला. खांद्यावर काहीच नाही, तरी डावा खांदा वर, मान उजवीकडे, आणि डावा पाय जरा जपून पडतोय. वर्गात ते लागलं तेव्हा कोणी हसलं नाही. माझ्या शेजारची पोरगी डोळे पुसत होती.

सर म्हणाले, "खांदा जास्त झालाय. ठीक आहे. शेवटच्या मूल्यमापनाला पक्कं करून आण."

आता आमच्या लॅबमधली एक गोष्ट सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. प्रत्येक कॉम्प्युटरच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं एक हिरवं पुडकं असतं. त्या खाऊचं नावच मुळी 'शहाण्यासारखं वाग' अशा अर्थाचं. पुडकं हिरवंच हवं, मुदत संपलेलं नको, आणि ते कोणी फोडायचं नाही. पुडकं आहे तोवर मशीन बंद पडत नाही. हसायचं तर हसा, पण इथे इस्पितळात ठेवतात, बँकेत ठेवतात, आणि ते खायची छाती कोणाची होत नाही. अपवाद एकच. फान सर परदेशात शिकून आलेले. त्यांना या पुडक्यांची भारी चीड. "मशीन काय कुरकुरे खातं?" म्हणायचे, आणि आमच्यादेखत एखादं फोडून मटामटा खायचे.

एका सोमवारी सकाळी आम्ही लॅबमध्ये शिरलो तर पेई-रोंगच्या मशीनवरचं पुडकं फोडलेलं, रिकामं, आणि कळफलकावर पिवळा भुगा.

"सर आले होते वाटतं सुट्टीत," ती म्हणाली. "माझ्याच मशीनवर काय काम निघालं?"

ते आम्हाला महिन्याभराने काओश्युंग शहरात कळलं. तिथे शिक्षकांच्या कामाचं मोठं प्रदर्शन होतं आणि वर्गच्या वर्ग गेला होता. पडद्यावर फान सरांचं नाव आलं, आणि त्याखाली पेई-रोंगचे बाबा चालत गेले. तोच खांदा. तीच मान. सर माइकवर सांगत होते, "बंदरावरच्या कष्टकऱ्यांचं मी अनेक वर्षं निरीक्षण करतोय."

माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. पेई-रोंगने माझा हात इतका दाबला की नखं रुतली.

एवढ्यावरही थांबला नाही हो तो माणूस! मूल्यमापनाला तिने आपलं काम लावलं तर सर भर वर्गात म्हणतात, "लियाव, काओश्युंगला पाहिलंस आणि उतरवून आणलंस? नक्कल आहे ही. नापास."

आम्ही चौघी तडक विभागप्रमुख चुआंग बाईंकडे गेलो. वर्गाने आधी पाहिलंय, फायलींवर तारखा आहेत, सगळं सांगितलं. बाईंनी चहा पाजला, फाइल उघडूनही पाहिली नाही, आणि म्हणाल्या, "मुलींनो, सरांनी वर्गात कल्पना दिली असेल, हिने ती केली असेल. गैरसमज झालाय. हिला दुसरं चालणं करू दे, मी पास करायला सांगते. विषय वाढवू नका."

दुसरं चालणं! जसा काही बाप दुसरा मिळतो.

परत येताना मी शिव्यांची लाखोली वाहत होते. जिना चढता चढता पेई-रोंग थांबली.

"त्यांनी माझ्या बाबांचं चालणं घेतलं ना? मी त्यांचं घेते."

"म्हणजे?"

"म्हणजे तू रोज त्यांना कॉरिडॉरमधून चालव. मी बघते. आणि मला माझं नाव परत पाहिजे, यी-जेन. पास-बीस नाही, नाव."

मग काय, मी कामाला लागले. कधी शंका विचारायच्या निमित्ताने सरांना या टोकाला बोलव, कधी त्यांचा कमी साखरेचा दूध-चहा त्या टोकाला नेऊन ठेव. पेई-रोंग जिन्याच्या पायरीवर डबा खात बसायची आणि डोळ्यांत तेल घालून बघायची. आणि काय सांगू, एकदा ती बघायला लागल्यावर मलाही दिसायला लागलं. पोरांच्या घोळक्यातून जाताना सरांचं पोट पुढे, टाचा खाड्‌खाड्. दर चार पावलांनी कोपराने पँट वर सारायची, पुन्हा छाती बाहेर. आणि समोरून संस्थेचे अध्यक्ष आले की बघत राहावं! मान खाली, दोन्ही हात पोटाशी, पावलं एवढीएवढीशी, भिंतीला घासत, हसत. अध्यक्ष वळले की पँट वर, पोट पुढे, खाड्‌खाड्.

तिने तेच केलं. करडा बाहुला, बिनचेहऱ्याचा. ऐटीत येतो, मधेच आक्रसतो, परत फुगतो. बाबांच्या चालण्यावर घेतली नव्हती एवढी मेहनत तिने यावर घेतली. पँट वर सारणारं कोपर तिने इतक्यांदा बदललं की मी म्हणाले, "बाई गं, लग्न करणारेस का त्यांच्याशी?" ती हसली नाही. म्हणाली, "अजून थोडं खोटं वाटतंय."

चुआंग बाईंकडे द्यायला तिने एक साधंसुधं चालणं केलं, कोणाचंच नाही असं. आणि हे खरं ठेवलं आपल्या मशीनवर, अगदी समोर. वर नवंकोरं हिरवं पुडकं ठेवलं. मग नव्या वर्षाची सुट्टी लागली.

सुट्टीनंतर आलो तेव्हा पुडकं रिकामं होतं. पेई-रोंगने कळफलकावरचा भुगा हळूच झटकला आणि पहिल्यांदा हसली. तिचं ते हसणं बघून मला जरा भीतीच वाटली.

आमच्या वार्षिक कार्यक्रमाला पालक येतात, अध्यक्ष पहिल्या रांगेत बसतात, ताइपेईच्या स्टुडिओची माणसं मुलं निवडायला येतात. सुरुवात शिक्षकांच्या कामाने होते. पेई-रोंगने बाबांना हट्टाने बोलावलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून अवघडून बसले होते.

पहिलं लागलं ते बंदरावरच्या हमालाचं. बाबा पुढे झुकले आणि लेकीच्या कानात म्हणाले, "हा आपल्या बाजारातलाच कोणीतरी गं. खांदा बघ त्याचा. कोण बरं हा?"

पेई-रोंग ओठ चावून बसली.

मग सरांच्याच नावावर दुसरं लागलं. बाहुला ऐटीत आला. चौथ्या पावलाला कोपराने पँट वर सारली, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी खुदकन हसलं. बाहुला आक्रसला, भिंतीला घासत निघाला. आता पोरं तोंडात रुमाल कोंबत होती. चुआंग बाई छताकडे बघत होत्या. अध्यक्षांचे खांदे गदगदा हलायला लागले, तसं मग कोणालाच आवरेना.

सरांना वाटलं, लोकांना आवडलं! चेहरा फुलला. उठले आणि स्टेजकडे निघाले. पोट पुढे, खाड्‌खाड्. चौथ्या पावलाला कोपर, पँट वर. अध्यक्षांसमोर आले मात्र, मान खाली, दोन्ही हात पोटाशी, पावलं एवढीएवढीशी. हॉल फुटला हो! माझ्या डोळ्यांतून पाणी, पोटात कळ. माइकपाशी पोचले तरी त्या माणसाला कळेना काय चाललंय.

स्टुडिओच्या बाई खालून म्हणाल्या, "फान सर, कमाल केलीत. स्वतःकडे इतकं निर्दयपणे बघायला धैर्य लागतं. किती दिवस निरीक्षण करत होतात स्वतःचं?"

"स्वतःचं?" सर म्हणाले.

त्यांनी मागे वळून पडद्याकडे पाहिलं. तिथे ते परत पहिल्यापासून सुरू झालं होतं. त्यांचं कोपर पँटकडे निघालं होतं, ते हवेतच थांबलं. रंग उतरत गेला चेहऱ्याचा. आता काय करणार? माझं म्हणावं तर मी असा आहे हे स्वतःच्या तोंडाने कबूल. नाही म्हणावं तर...

"हे मी केलेलं नाही," सर माइकवर ओरडले. "हा चावटपणा आहे! हे त्या लियावचं काम आहे. लियाव पेई-रोंगचं!"

स्टुडिओच्या बाईंनी हातातला कार्यक्रमपत्रिकेचा कागद पाहिला. त्यावर सरांचं नाव छापलेलं होतं.

पेई-रोंग उभी राहिली. "हो सर, माझं आहे. आणि त्याच्या आधीचं? ते कोणाचं?"

"ते माझं! अनेक वर्षांचं निरीक्षण..."

"बाबा," ती शेजारी वळून म्हणाली, "जरा स्टेजपर्यंत चालून या ना."

"मी? कशाला गं?"

"जा ना, बाबा. माझ्यासाठी."

ते उठले. शर्ट सारखा केला आणि मधल्या वाटेने निघाले. डावा खांदा वर, मान उजवीकडे, डावा पाय जपून. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये त्यांच्या बुटांचा तेवढा आवाज. अर्ध्या वाटेत कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळा हॉल उभा राहिला. बिचारे गोंधळून जागच्या जागी थांबले आणि मागे बघायला लागले, आपल्यामागून कोण मोठा माणूस येतोय म्हणून.

"तो मगाचा," परत येऊन त्यांनी लेकीला विचारलं, "तो मी होतो?"

ती रडायला लागली, मग मीही.

दोन्ही कामांवर तिचं नाव चढलं. चुआंग बाईंनी ते स्वतः करवून घेतलं, अध्यक्ष शेजारी उभे राहिल्यावर. फान सरांना कोणी काढलं नाही, इथे असं पटकन कोणाला काढत नाहीत. पण त्यापेक्षा वाईट झालं. त्यांना चालता येईना. कॉरिडॉरमध्ये आले की पोरं बघतायत का याकडे लक्ष, कोपर अंगाशी चिकटवलेलं, पावलं मोजून टाकलेली, लाकडी. पट्टा घट्ट केला, मग चालताना सगळं लक्ष पट्ट्याकडेच. पोट आत घेतलं तर श्वास अडकायचा. अध्यक्ष दिसले की जिन्यावरच थांबून राहायचे.

एक दिवस ते लॅबमध्ये आले आणि पेई-रोंगच्या मशीनजवळ उभे राहिले. हिरव्या पुडक्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"लियाव," हळू आवाजात म्हणाले, "झालं ते झालं. ते दुसरं चालणं पुसून टाक. सगळ्यांच्या फोनवर फिरतंय ते. माझी मुलगीसुद्धा घरात तसं चालून दाखवते. बास झालं आता."

मला क्षणभर वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पेई-रोंगला नाही वाटलं. तिने वहीपेन बाजूला सारलं, खुर्ची वळवली, आणि सरांना पायापासून डोक्यापर्यंत सावकाश न्याहाळलं, जिन्यावर बसून न्याहाळायची तस्सं.

"सर, माझ्या बाबांना आता बाजारात चालताना लाज वाटते," ती म्हणाली. "आपण कसे दिसतो ते त्यांना कळलंय. तेसुद्धा तुमच्यामुळेच. ते पुसता येईल का?"

सर दाराकडे निघाले, आणि तिची नजर पाठीवर आहे हे कळून मधेच अडखळले.

"थांबू नका सर," पेई-रोंग म्हणाली. "पळायचं असेल तर पळा. पुढची असाइनमेंट पळण्याचीच आहे."