गाडीची टाकी आणि तांड्याच्या घागरी

आमची गाडी म्हणजे एक जुनी बस होती. एका संस्थेनं ती विकत घेतली, बाकं काढून टाकली आणि पुढच्या अर्ध्या भागात डोळे तपासायची खोली केली. मागच्या भागात दोन फळ्यांचे बिछाने, एक गॅसची शेगडी आणि एक बेसिन. त्या बसमध्ये मी नर्स म्हणून काही वर्षं काढली. यवतमाळ जिल्ह्यातली कापसाची ती वाईट वर्षं होती. लोक तपासायला बसले की आधी कापसाबद्दल बोलायचे, मग डोळ्यांबद्दल. आज माझ्या घरी चोवीस तास पाणी आहे, नळ सोडला की गरमही येतं. तरी मला त्या गाडीची आठवण येते, आणि खोटं कशाला सांगू, चांगलीच येते.

बेसिनला पाणी यायचं ते बिछान्याखालच्या दोनशे लिटरच्या टाकीतून, आणि टाकीत पाणी यायचं ते आमच्या हातांनी. पाइप लावावा असा नळ गावात क्वचित असायचा, आणि असला तर त्याला पाणी नसायचं. मग हापसा नाही तर विहीर. आमचे ड्रायव्हर वणीचे. पूर्वी कोळशाचे ट्रक चालवायचे, घरी भावांचं गॅरेज. मी त्यांना चाचा म्हणायचे, ते मला सिस्टर. चाचा उलट्या क्रेटवर चढायचे. टाकीचं तोंड बसच्या कुशीला, खिडकीच्या खाली होतं. त्यात नरसाळं, नरसाळ्यावर चौपदरी पांढरं फडकं, आणि खालून बादल्या उचलून द्यायला मी. माझ्या हातून बादली हिंदकळली की चाचा शांतपणे म्हणायचे, "सिस्टर, टाकी इकडं हाये. माह्या बुटात नाई."

"मग तुम्ही या खाली. मी चढते वर."

"मंग तं पानी टपावर जाईन."

मी चिडायचे. माझं डोकं लवकर तापायचं, अजूनही तापतं. पण टाकीचा आवाज बदलत जायचा तो ऐकत राहायला मला आवडायचं. रिकामी असताना ढम ढम वाजायची, भरत आली की पोटात बोलल्यासारखी गुडगुडायची. चाचा तिच्यावर टिचकी मारून किती भरली ते सांगायचे, आणि बहुतेक वेळा चुकायचे. मग फडकं पिळून बसच्या आरशावर वाळत घालायचं आणि नव्या पाण्याचा पहिला चहा करायचा. कळंबच्या पाण्याचा चहा मला सगळ्यांत आवडायचा. वणीच्या पाण्याला मी नावं ठेवली की चाचा अर्धा दिवस अबोला धरायचे.

फुलसावंगीच्या पुढं एक तांडा होता, तिथं आम्ही होळीच्या आधी मुक्कामाला गेलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर जीपनं येणार होते आणि आजूबाजूच्या वस्त्यांतून मोतीबिंदूचे म्हातारे-म्हाताऱ्या तपासायला येणार होत्या. मी आणि चाचा बादल्या घेऊन विहिरीकडे निघालो तर एक म्हातारी काठी टेकत आडवी आली. हातभर पांढऱ्या बांगड्या, नेसायला आरशांची जुनी फेटिया, म्हणजे बंजारा बायांचा घागरा. तिला सगळा तांडा याडी म्हणायचा, म्हणजे आई.

"बादली ठेव," ती म्हणाली. "आमचे म्हातारे बैलावर घर घेऊन फिरत. मीठ नेत, धान्य नेत. तुमचं घर चाकावर हाये, येवढाच फरक. फिरत्या मानसानं पयल्या दिवशी पानी भरू नाई. ते गावानं भरून द्यावं लागते."

"याडी, दोनशे लिटर लागते," चाचा म्हणाले.

"मले लिटर नाई समजत. बाया किती लागतीन ते सांग."

विहीर टेकडीखाली होती, तिचं पाणी खोल गेलं होतं आणि पायऱ्या उतरून ते भरावं लागायचं. तरी बाया निघाल्या. डोक्यावर घागर, घागरीवर कळशी, आणि आपापसांत त्यांच्या बोलीत हसणं. चाचा क्रेटवर, मी खाली घागरी हातात घ्यायला. इतक्या जणींनी आपल्यासाठी पाणी भरावं याचा मला फार आनंद झाला होता. मी त्या दिवशी एकदाही पाणी सांडलं नाही.

शेवटी एक तरुण सून आली. याडीच्या शेजारच्या घरातली, वर्ष-दीड वर्षाची पोर कडेवर. डोक्यावर घागर नव्हती, पांढरा प्लॅस्टिकचा डबा होता, घट्ट झाकणाचा, राखेनं घासून लख्ख केलेला. तो तिनं माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "घागर हाये घरी. पन रस्त्यानं माती उडते. डॉक्टरच्या गाडीले झाकनाचं पानी आनलं." तिच्या चेहऱ्यावर सगळ्यांपेक्षा नीट काम केल्याचं समाधान होतं. चाचांनी डबा ओतला, टाकी काठोकाठ भरली, बाया पांगल्या.

मी फडकं पिळायला घेतलं आणि मला वास आला. कापसाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला तो वास ओळखावा लागत नाही. फवारणीचा. त्या वर्षांत अळी आटोक्यात येत नव्हती, लोक फवारणीवर फवारणी करत होते आणि घरोघरी औषधाचे असे रिकामे डबे साचले होते. इतका चांगला, घट्ट झाकणाचा डबा कोण फेकून देईल?

मी फडकं चाचांच्या नाकाशी धरलं. त्यांचा चेहरा उतरला. "आवाज नका करू, सिस्टर," एवढंच ते म्हणाले. त्यांनी गाडी सुरू केली, विहिरीपासून लांब पडीक रानात नेली आणि टाकीची खालची तोटी उघडली. बायांनी टेकडी चढून आणलेलं पाणी मुरमात जिरायला लागलं. तांड्यातून ते दिसत होतं. चारदोन बाया धावत आल्या, मागून याडीही आली. काय झालं म्हणून विचारायला लागल्या.

"तोटी खराब झाली," चाचा म्हणाले. "माही चूक. मीच नीट पाहिली नाई."

बाया हळहळल्या आणि परत गेल्या. ती सूनही त्यांच्यात होती. मग मी चाचांवर तुटून पडले. "खोटं कशाला बोललात? ती घरी जाऊन त्याच डब्यातलं पाणी पोरीला पाजेल."

"अन् सगळ्यांसमोर सांगितलं असतं तं? तिच्या डब्यानं पाहुन्याची टाकी नासली म्हनून? सिस्टर, तिले याच तांड्यात राहायचं हाये. जनमभर हेच ऐकवतीन."

त्यांचं चूक नव्हतं. पण माझंही नव्हतं. मी हात धुवायला आधीच वेगळं बादलीभर पाणी ठेवलं होतं, त्यातलं थोडं तोंडावर मारलं आणि एकटीच तिच्या घरी गेले.

ती चुलीपाशी होती. डबा कोपऱ्यात होता, त्यावर स्टीलचा पेला उपडा. मी दार ओढून घेतलं आणि तिला सांगितलं. हळू सांगितलं, मला जमतं तेवढं हळू. प्लॅस्टिक औषध पिऊन घेतं, राखेनं ते निघत नाही, सांगितलं. ती ऐकत राहिली. मग पोरीला जवळ ओढून म्हणाली, "दिवाळीपासून हे यातलंच पिते. हिले काई होईन का वं बाई?"

मला ठाऊक नव्हतं. मी तसंच सांगितलं. पोर खेळती होती, डोळे स्वच्छ होते, नाडी ठीक होती. उद्या डॉक्टरांना दाखवू, आजपासून थांबव, एवढंच माझ्याकडे होतं. आयुष्यात मी कितीतरी लोकांना धीर दिला, पण तेव्हा माझ्याकडे धीराचे शब्द नव्हते याचं मला आजही वाईट वाटतं. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "ते पानी माह्याच डब्यानं गेलं ना? तोटी नाई ना?"

मी म्हणाले, "हो. पण कोणाला माहीत नाही. आणि आमच्याकडून कळणारही नाही."

मी परत आले, चाचांना सांगितलं, आणि त्या दिवशी आम्ही दोघांनीही चहा केला नाही.

सकाळी विहिरीकडून मोठमोठ्यानं बोलणं ऐकू आलं. रात्री चाचांनी गाडी विहिरीजवळ आणून लावली होती. मी बसच्या दारात आले. ती सून विहिरीच्या काठावर उभी राहून बोलत होती. भाषा त्यांची होती, मला फारशी कळत नव्हती, पण ती डब्यावर हात मारत होती, आमच्या गाडीकडे बोट दाखवत होती आणि पोरीच्या तोंडाला हात लावत होती. आम्ही झाकलेलं तिनं स्वतःच उघडं केलं होतं, कारण तसे डबे एकट्या तिच्याच घरात नव्हते. बाया तिच्यापासून थोड्या मागे सरकल्या. एक जण कडवट काहीतरी बोलली. चाचा माझ्या मागं येऊन उभे राहिले होते. "झालं," ते पुटपुटले. "आता हे पोरगी गेली."

याडीही विहिरीपाशी बसली होती, ती उठली आणि घरी गेली. मला वाटलं, तिनंही पाठ फिरवली. थोड्या वेळानं ती बाहेर आली, आणि काठी नव्हती, कारण दोन्ही हातांत डबे होते. एक पांढरा, एक निळा. धापा टाकत आमच्या बसपाशी आली आणि ते चाचांच्या पायाशी ठेवले.

"फोड हे. खालून भोक पाड, कोनी पानी भरू नाई असं," ती आमच्या भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "सा सालं झाले, याच्यातलंच पानी मी सगळ्या घराले पाजून राह्यली. आता सांगा, तिले कोन काय म्हनते ते."

मग एकेक बाई घरी गेली आणि डबा घेऊन आली. चाचा पेचकस तापवून भोकं पाडत बसले.

ती सून विहिरीच्या काठावर तशीच उभी होती. आदल्या दिवशी ती रडली नव्हती. आता चुंबळीत तोंड खुपसून मोठ्यानं रडली. रडून झाल्यावर पोर याडीच्या मांडीवर ठेवली, घरातून पितळेची घागर आणली आणि आमच्या टाकीसाठी सगळ्यांत आधी तीच विहिरीत उतरली.