बसणे म्हणजे पडणे नव्हे

डॉ. सावळे सरांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते फरशीवर मांडी घालून बसले होते. हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या महाविद्यालयात गणिताची प्राध्यापिका म्हणून मी त्या दिवशी रुजू झाले होते. प्रयोगशाळेत सर आणि पाच-सहा विद्यार्थी एका उघडलेल्या यंत्राभोवती बसलेले. मी औरंगाबादच्या कॉन्व्हेंट शाळेत वाढलेली. आम्हाला फरशीवर बसवत ते शिक्षा म्हणून. त्यामुळे या मुलांनी काय गुन्हा केला असावा, आणि त्यांच्याबरोबर सरांनीही, असा प्रश्न मला पडला. सरांनी मान वर करून म्हटले, "या मॅडम, बसा. खुर्च्या दोन हायेत, पण त्यांच्यावर सामान बसलंय." भौतिकशास्त्राचे प्राध्यापक असूनही आपल्या गावची, कुरुंद्याची भाषा त्यांनी कधी लपवली नाही. कडक इस्त्रीची साडी सावरत मी बसले. त्याला अठ्ठावीस वर्षे झाली.

या महिनाअखेर सर साठ वर्षे पूर्ण करून निवृत्त होत आहेत, आणि ती प्रयोगशाळा रिकामी करून तिथे जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायचे घाटत आहे. सरांचे गेल्या सहा वर्षांचे काम त्या खोलीतल्या दोन कपाटांत आहे. गौरवग्रंथात कडू लिहू नये म्हणतात. पण माणसाला शाल पांघरवायची आणि त्याचे काम बाहेर टाकायचे, हा गौरव मला मान्य नाही. म्हणून ते काम काय आहे, हे इथे नीट सांगते.

त्याची सुरुवात माझ्या घरातून झाली. माझी आई तेव्हा माझ्याकडे राहत असे. मी कॉलेजात असताना ती न्हाणीत पडली आणि दुपारी मी परतेपर्यंत तशीच पडून राहिली. त्यानंतर कित्येक महिने सर माझ्या शेवटच्या तासाला वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहत. "जा तुमी, लेकरांकडे मी बघतो," एवढेच म्हणत. माझे अर्धे गणित त्या वर्षी सरांनी शिकवले आणि त्याचा एकदाही उच्चार केला नाही. घरात कॅमेरा लावावा असे मी म्हणाले, तेव्हा न्हाणीतला कॅमेरा आईंना चालेल का, हे आधी विचारा, असे त्यांनी सुचवले. मी विचारले. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग सरांनी रडारचा मार्ग धरला. भिंतीवरची लहानशी डबी लहरी सोडते. त्या माणसाला लागून परत येतात आणि अंगाचा कोणता भाग किती वेगाने हलला, ते सांगतात. चेहरा दिसत नाही, कपडे दिसत नाहीत. कळते ती फक्त हालचाल. हे चालणे, हे वाकणे, हे पडणे, अशी असंख्य उदाहरणे संगणकाला दाखवली की तो स्वतः ओळखायला शिकतो. आमच्या विद्यार्थ्यांनी गाद्यांवर पडून दाखवले, खुर्च्यांवर बसून दाखवले. यंत्र शिकले, आणि पहिली डबी आम्ही साखरा गावातल्या चंद्रभागाबाईंच्या घरी बसवली. वय पंचाहत्तरीपुढचे, घरी एकट्या, मुलगा पुण्याला. त्या पडल्या तर शेजाऱ्यांना फोन जावा, अशी सोय केली.

पहिल्या दिवसापासून फोन वाजतच राहिले. शेजारी धावत जात, तर बाई चुलीपुढे भाकरी थापत असत. गुडघ्यावर हात टेकून त्या सावकाश खाली येत आणि शेवटच्या वितीला अंग सोडून देत. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका अशाच बसतात. आमच्या यंत्राने ते बसणे कधी पाहिलेच नव्हते. जमिनीकडे येणारे प्रत्येक अंग त्याच्या लेखी पडलेले. चौथ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा बाईंनी सरांना उंबऱ्यातच गाठले.

"मास्तर, मी बसले का लोक पळत येऊन राहिले. आता कटाळले बिचारे. उद्या खरंच पडले, मंग कोन येईल?"

सरांनी डबी उतरवली. मशीन खराब निघाली व्हय, असे शेजाऱ्याने विचारले, तेव्हा सर म्हणाले, "मशीन बराबर हाय. शिकवलं आमी चूक."

पुढचे वर्षभर सरांनी डबी घेऊन गावोगावी अंगणे धुंडाळली आणि लोकांचे बसणे-उठणे नोंदवले. कुरुंद्यात हळद निवडायला बसणाऱ्या बायांपासून सुरुवात केली. कोणालाही कसे बसा हे सांगायचे नाही, हा त्यांचा नियम. एका आजींना मी सवयीने म्हणून गेले, जरा सावकाश बसा हं. सरांनी ती नोंद तिथल्या तिथे पुसली. आजी तुमच्यासाठी बसल्या, स्वतःसाठी नाही, असे त्यांचे म्हणणे. मला राग आला होता. पण या हट्टातूनच त्यांना खूण सापडली. बसलेल्या बाईचे हात लगेच कामाला लागतात. परात ओढतात, पदर सारखा करतात. पडलेल्या माणसाचे हात जमीन चाचपतात, नाहीतर निपचित राहतात. अंग खाली येताच निकाल देणाऱ्या यंत्राला सरांनी थांबायला, हातांकडे पाहायला शिकवले. माझ्या आईचे बसणेही त्यांनी तेव्हाच नोंदवून घेतले. पुढच्या वर्षी ती गेली.

नंतर या कामाला आर्थिक मदत देणाऱ्या संस्थेची समिती पाहणीसाठी आली. जमिनीवर बसण्याच्या नोंदींमुळे यंत्राच्या अचूकतेचा आकडा खाली येतो, त्या वगळाव्यात, मग पुढची मदत सुरू राहील, असे त्यातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी सांगितले. म्हाताऱ्यांना खुर्च्या वाटून टाका, असेही ते हसत म्हणाले. सर हसले नाहीत.

"खुर्च्या देऊ, साहेब. पण बाईच्या घरात जे चालत न्हाई, ते अचूक कसं म्हनायचं? या नोंदी मी काढनार न्हाई."

मदत थांबली. सरांनी हाती आलेले घालवले, अशी कॉलेजात कुजबुज झाली. काम थांबले नाही. सुधारलेली डबी पुन्हा साखऱ्याला लागली आणि महिनोन्महिने गप्प राहिली. गावाने ती मेली असेच धरले. गेल्या श्रावणात एका सकाळी फोन वाजला. कधी न बोलणारी डबी बोलली म्हणून शेजारी धावले. बाई न्हाणीच्या दगडाशी आडव्या, मनगट मोडलेले. सर भेटायला गेले तेव्हा प्लास्टरचा हात वर करून त्या म्हणाल्या, "या बारीला खरंच पडले, मास्तर. तुमचं मशीन माझ्या पोरापरीस श्यानं निघालं."

आता व्यवस्थापनाला छापील सांगते. त्या दोन कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत आणि त्या मी देणार नाही. त्यात आमच्या गावांतल्या माणसांचे बसणे-उठणे आहे, आणि माझ्या आईचेही. उत्तरपत्रिकांना दुसरी जागा पाहावी. माझी अजून दोन वर्षे नोकरी आहे.

सर, या ग्रंथात अनेकांनी आपल्याला निवांत आयुष्य चिंतिले असेल. मी चिंतणार नाही. आपल्याला उदंड आयुष्य लाभो, नजर आणि गुडघे शाबूत राहोत, आणि हट्ट असाच राहो. काठी टेकून उठणारे आजोबा यंत्राला अजून नीट कळत नाहीत. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला या. खोली उघडी असेल.