बबिताबाईंची दोरी

आमच्या शिवकन्येला दिसत नाही, ऐकूही येत नाही. देवानं तिच्या वेळेला हात जरा आखडताच घेतला. मायबाप ऊसतोडीला गेले, की घरात ती अन् मी, तिची आजी. तीन वर्षं शाळेत तिचं नुसतं नाव होतं. पोरगी माझ्यापाशी ओसरीवर. मग वालूरकडून एसटीनं बबिताबाई यायला लागल्या. असल्या लेकरांना शिकवायच्या खास बाई. खांद्याला ही मोठी पिशवी. मला वाटलं, बोहारीण आली.

बाईंनी वर्गात दोरी बांधली अन् तिच्यावर वस्तू टांगल्या. चमचा म्हणजे खिचडी. सुतळी म्हणजे झोका. काचेची बांगडी म्हणजे खुद्द बाई. वस्तू हातात दिली, की पुढं काय होणार, कोण येणार, ते शिवकन्येला कळायचं. खिचडी शिजवणाऱ्या तानुबाईसाठी तिच्याच जुन्या लुगड्याच्या काठाचा तुकडा होता. महिन्याभरात पोरगी स्वतः दोरी चाचपून काय पाहिजे ते सांगायला लागली. मला कुणी असं शिकवलं असतं, तर मीबी दुसरीच्या पुढं गेले असते.

तानुबाई पोळ्याच्या आधी वारली. तुकडा दोरीवरच राहिला.

त्यानंतर रोज दुपारी शिवकन्या तो तुकडा हातात घ्यायची, चटईवर सरकून बाजूला जागा करायची अन् त्या जागेकडं तोंड करून हसायची. शेजारची लेकरं म्हणायची, चुलीच्या धुराचा वास येतो. चूल तानुबाईसंगं गेली, खिचडी तर आता गॅसवर शिजायची. पोरीला भरवायला मी दुपारी जायची, दुसऱ्याच्या हातचा घास ती घेत नाही. एकदा मलाही तो वास आला. पदर नाकाला लावला अन् कुणाला बोलले नाही.

मेलेल्या बाईचं लुगडं दोरीला टांगलेलं. भानामती म्हणायला गावाला अजून काय पाहिजे? दोन घरांनी लेकरं धाडायची बंद केली. तानुबाईचा लेक माणिकराव शाळेच्या समितीचा अध्यक्ष. तो भरदुपारी वर्गात आला.

"माझ्या मायला अडकवून ठेवलंय तुमी हितं," तो बाईंना म्हणाला. "दोरी काढा, न्हाईतर पोरीला घरी बसवा."

मी पोरीला जवळ ओढलं. दोरी गेली, की पोरीचं बोलणंच गेलं.

बाई हळूच म्हणाल्या, "दादा, तानुमावशी गेल्या हे हिला कुणी सांगितलंच नाही. तुम्ही सांगा."

त्यांनी झाकणाचा डबा पुढं ठेवला. संपलेल्या गोष्टीची वस्तू त्यात टाकली, की पोरीला समजायचं, झालं, आता नाही. माणिकराव खाली बसला अन् शिवकन्येचा हात धरून त्यानं तो काठ डब्यात घातला. तिनं झाकण लावलं, उघडून पुन्हा चाचपलं, परत लावलं. हसू मावळलं.

मग तिनं हात लांबवला. माणिकरावाचं तोंड सापडलं तसं तिनं उलट्या हातानं त्याचे ओठ पुसले, डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा, अन् हनुवटीला बारीक चिमटा घेतला. लहानग्या माणिकला जेवू घातलं, की तानुबाई अशीच पुसायची. मी शेजारीण, डोळ्यांनी पाहिलंय. पण शिवकन्येला तिनं कधी भरवलं नव्हतं.

"हे हिला कुणी शिकवलं?" तो पुटपुटला.

"मी नाही," बाई म्हणाल्या.

माणिकराव उठून दारापर्यंत गेला. तिथं उभ्या हेडमास्तरांना एवढंच म्हणाला, "दोरी राहू द्या. पोरगीबी."