दोनदा वाजणारी घंटा

कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी अण्णा त्याची परवानगी घेत. उजवा तळवा त्याच्यावर सपाट ठेवायचा, डोळे मिटायचे आणि क्षणभर गप्प उभं राहायचं. मी पुण्याहून बंगळूरच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात नोकरीला आले तेव्हा मला वाटलं, बेळगावकडचे हे फोरमन यंत्राला ताप आलाय का ते बघताहेत. तसं विचारलंही. तर म्हणाले, "ताप न्हवे हो बाई. आपण आलोय हे त्याला कळाय नको का?"

साठीच्या दशकातली ही गोष्ट. एक साहेब मायदेशी परतताना आपलं पिनबॉलचं यंत्र कारखान्याच्या क्लबात ठेवून गेला, तेही बंद पडलेलं. काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी गोळी सोडायची आणि दोन बटणांनी दोन दांड्या उडवत तिला खाली पडू द्यायचं नाही, एवढाच तो खेळ. अण्णांनी त्याला जिवंत केलं. रबरं विरली होती, तर सायकलच्या ट्यूबची कडी कापून बसवली. गोळी हरवली होती, तर भंगारातल्या बेअरिंगमधली घातली. ती जरा लहान होती. डावी दांडी मात्र शेवटपर्यंत सुस्त राहिली. "ती पर्मनंट झालीय," अण्णा म्हणत.

यंत्र फार हलवलं की दिवे विझून खेळ बंद पडे. तरुण मंडळी हमखास धक्के मारत आणि अण्णा तळमळत. "ढकलू नका हो. स्वल्प सांगा त्याला, ऐकतंय ते." मग स्वतः तळव्याने काठाला इतकं हळू लोटत की बघणाऱ्याला कळू नये, आणि गोळी आज्ञाधारकपणे वळे. पुढे संसारात आणि ऑफिसात मला हे फार उपयोगी पडलं, पण ते असो.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होई. अण्णांनी त्या वर्षी पिनबॉललाही त्यात धरलं. काच काढून हळदकुंकू लावलं, शेवंती ठेवली, अक्षता वाहिल्या आणि "आज त्याला सुट्टी" म्हणून सगळ्यांना हाकलून दिलं. दुसऱ्या दिवसापासून एक गंमत सुरू झाली. उजव्या वाटेने गोळी गेली की एकदा वाजणारी घंटा दोनदा वाजायची आणि गुणही दुप्पट मिळायचे. केसाएवढा फरक न खपणाऱ्या अण्णांनी यंत्र उघडलं. वाटेतल्या तारेशी अक्षतेचा एक दाणा अडकला होता. गोळीने दाबलेली तार परत वर येताना त्याला अडखळे आणि पुन्हा टेके. अण्णांनी चिमटा पुढे नेला, आणि तसाच मागे घेतला. "आपणच वाहिलेलं आपणच कसं काढायचं?" म्हणाले आणि काच लावून टाकली. त्यानंतर सगळा क्लब उजव्या वाटेच्या मागे लागला.

दोन वर्षांनी आईच्या दिवसांसाठी अण्णा गावी गेले असताना क्लबात टेबल टेनिस आणायचं ठरलं. जागा हवी होती. क्लबाची चिटणीस मी. भंगाराच्या यादीत मी लिहिलं, 'खेळाचे यंत्र, नादुरुस्त, एक.' ते नादुरुस्त नव्हतं, पण तसं लिहिल्याखेरीज कागद पुढे सरकत नव्हता. खाली सही केली. अण्णा परतले ते रिकाम्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. फरशीवर चार पायांचे डाग होते. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. "सरी," म्हणजे कानडीत 'बरं', एवढं म्हणाले आणि आपल्या खात्यात गेले.

मला वाटलं, त्यांना माहीत नाही. सांगायचं धाडस मला झालं नाही. दर संक्रांतीला अण्णा आणि अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, एळ्ळु-बेल्लचं ताट घेऊन आमच्याकडे येत. तीळ, गूळ, खोबरं हातावर घालून अण्णा "गोड बोला बाई" म्हणत, आणि दर वर्षी मी चहाचं निमित्त करून आत जाई.

निवृत्त झाल्यावर मी लेकीकडून कॉम्प्युटर शिकले आणि हट्टाने ते यंत्र पडद्यावर उभं केलं. उतार, वेग, उसळी, सगळं गणिताने चोख. ते घेऊन बंगळूरच्याच बनशंकरी भागात अण्णांच्या घरी गेले. त्यांची दृष्टी तोवर गेली होती. त्यांनी तळवा कीबोर्डशेजारी ठेवला आणि गोळीचा आवाज ऐकत राहिले. "झकास केलंय," म्हणाले. "पण हे आपलं न्हवे. ह्याच्यात काय बिघाडच नाही की."

मी घरी आले आणि दोन महिने खपून चांगला चाललेला प्रोग्रॅम बिघडवला. गोळी लहान केली, रबरं मंद केली, डावी दांडी सुस्त केली. शेवटी उजव्या वाटेत तांदळाचा एक दाणा ठेवला.

पुन्हा गेले. या वेळी बटणं अण्णांच्या बोटांखाली दिली. आवाजाच्या अंदाजाने ते खेळत होते. दोन-तीनदा गोळी पडली. मग ती उजवीकडे गेली आणि घंटा वाजली, एकदा आणि लगेच पुन्हा. अण्णांची बोटं थांबली.

"दाणा की हो!" ते म्हणाले. आतून अक्का धावत आल्या, इतक्या मोठ्यानं.

मला राहवलं नाही. "अण्णा, त्या कागदावर सही माझी होती. नादुरुस्त मीच लिहिलं होतं."

"ठाऊक आहे," अण्णा म्हणाले. "आलो त्या दिवशीच वाचलं होतं मी." आणि चाचपडत माझा हात शोधून त्यावर आपला तळवा सपाट ठेवला. "आता खोडलंत की तुम्ही."

पुढच्या संक्रांतीला एळ्ळु-बेल्ल घेऊन अक्का एकट्याच आल्या. ताट बाजूला ठेवून आम्ही खेळ लावला. दोघींनाही तो धड येत नाही. घंटा दोनदा वाजेपर्यंत आम्ही उठलो नाही.