एका घराचा मोबाईल आणि आमचे संशयी सर

देवाने संशयाचा सगळा साठा एकाच माणसाच्या अंगात भरला असावा, आणि तो माणूस नेमका आमच्या वाट्याला आला. मेडिकल कॉलेजात कॉम्प्युटरवर पेशंटच्या नोंदी ठेवायला शिकवणारे हे सर कॉम्प्युटरवरच सर्वांत जास्त संशय घेत. पासवर्ड टाकताना पहिल्या बाकाला माना फिरवायला लावत आणि मग खिडकीबाहेर कुणी नाही ना, हे बघून येत. लोणावळ्याला चिक्की घेतानासुद्धा "आधी तुम्ही खा" म्हणून दुकानदाराला तुकडा खायला लावत. तो हसत खायचा, पण सरांची नजर त्याच्या घशावर. एकदा आम्ही वॉर्डातल्या सगळ्यांची नाडी बहात्तर टाकून मोकळे झालो. सर म्हणाले, "हे पेशंट आहेत की कवायतीला उभे आहेत?" आणि सगळ्यांना पुन्हा खाटांपाशी पिटाळलं. आम्हाला त्यांचा मनापासून वैताग यायचा.

मग इंदुरी गावातलं आरोग्य शिबिर आलं. पाय चिघळलेल्या एका मावशींनी सांगितलेला मोबाईल नंबर आमच्यातल्या एकाने टाकला, नोंद उघडली. आडनाव जुळलं, गाव जुळलं, ॲलर्जी नाही. पेनिसिलीनचं इंजेक्शन ठरलं, सिस्टरने सिरिंज भरली, आणि सर मध्येच येऊन उभे राहिले.

"मावशी, हा नंबर कुणाचा?"

"जावंचा. समद्या घराला त्यो एकच हाय."

"इंजेक्शनाने कधी त्रास झाला होता?"

"व्हय की. मागं पाय चिघळलता तवा दिलं, अन् दमच कोंडला. मरता मरता वाचले. तुमच्याच दवाखान्यात लिवून घेतलंय की."

लिहिलेलं होतंच, पण मावशींच्या नोंदीत. आम्ही जावेची उघडून बसलो होतो, आणि पूर्ण नाव वाचायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. सिस्टरने सिरिंज खाली ठेवली.

परतताना गाडीत वाटलं, आज स्वारी खुशीत असणार. सर मात्र म्हणाले, "खोटा ठरावा म्हणूनच संशय घेतो रे मी. एकदा तरी खोटा ठरवा."

आम्ही हट्टाला पेटलो. निवृत्तीच्या दिवशी सरांनी आमच्या वॉर्डातली एकेक नोंद खाटेपाशी जाऊन ताडून पाहिली. कुठेच काही सापडेना. "म्हणजे नक्की काहीतरी लपवताय," ते म्हणाले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. आता मी डॉक्टर आहे, लोक माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात, आणि मला फार एकटं वाटतं.